जोकोविचचं पॅरिस मास्टर्स २०२३: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

टेनिसपटू नोव्हाक जोकोविचच्या ट्रॉफ्या इतक्या झाल्यात की त्यातली एखादी मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धा) ट्रॉफी म्हटली की लोक "बरं, अजून एक" म्हणून पुढे जातात. पण २०२३ चं पॅरिस त्यातलं नाही. त्या आठवड्यात तो एकदा नाही, तीनदा बाहेर जायच्या बेतात होता आणि खेळ जागेवर नसतानाही ट्रॉफी घेऊन गेला, म्हणून याच्यावर प्रश्न येतच राहतात. नेहमी येणारे इथे एकत्र केलेत, सलग वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न बघा.

आधी थोडक्यात सांगा, झालं काय होतं?

ऑक्टोबरच्या शेवटी पॅरिसच्या बर्सी भागातल्या बंदिस्त स्टेडियममध्ये स्पर्धा सुरू झाली, फायनल ५ नोव्हेंबर २०२३ ला. जोकोविच पहिला सीड, म्हणजे मानांकनात पहिला. सगळे निकाल असे (टायब्रेक म्हणजे ६-६ झाल्यावर सेट ठरवणारा सात पॉइंटचा खेळ, कंसातला आकडा त्यात हरणाऱ्याच्या पॉइंटचा): टॉमस एचेव्हेरीला ६-३, ६-२. टालोन ग्रीकस्पोरला ४-६, ७-६(२), ६-४. होल्गर रूनला ७-५, ६-७(३), ६-४. आंद्रे रुब्लेव्हला ५-७, ७-६(३), ७-५. आणि फायनलला ग्रिगोर दिमित्रोव्हला ६-४, ६-३.

पहिली आणि शेवटची मॅच सोडा, मधल्या तीन बघा. त्या तिन्ही मिळून त्याने गेम जिंकले ५५ आणि हरले ५०. तीन मॅच, नऊ सेट, आणि फरक किती तर पाच गेमचा! ग्रीकस्पोरविरुद्ध तर १७ विरुद्ध १६, एका गेमचा फरक. मला विचाराल तर त्या आठवड्याची सगळी गोष्ट या आकड्यांतच आलीये.

सहा राउंडची स्पर्धा ना? मग त्याच्या पाचच मॅच कशा?

ड्रॉ ५६ जणांचा असतो, वरच्या आठ सीडना पहिल्या राउंडला बाय मिळतो. त्यामुळे तो थेट दुसऱ्या राउंडपासून खेळला. ऐकायला आराम वाटतो, पण त्याची पहिली मॅच बुधवारी होती आणि फायनल रविवारी, म्हणजे पाच दिवसांत पाच मॅच, मध्ये एकही सुट्टी नाही. ग्रँड स्लॅममध्ये साधारण एक दिवसाआड खेळायचं असतं, काल जरी पाच सेट झाले असले तरी आज झोपा, फिजिओकडे जा. इथे रात्री तीन सेट खेळून बाहेर पडलात की दुसऱ्या दिवशी परत हजर. ३६ वर्षांच्या माणसाला यातलं अवघड काय असेल तर हेच.

इनडोअर आहे म्हणून एवढं काय वेगळं? कोर्ट तर तेच ना, हार्डकोर्ट?

हो, हार्डकोर्टच. पण वर छप्पर आलं की बऱ्याच गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट वारा. बाहेर खेळताना सर्व्हिसचा टॉस हलतो, उन्हाच्या बाजूने सर्व्ह करताना डोळ्यांवर येतं, मग प्लेअर थोडं सांभाळून मारतो. आत हे काहीच नाही. टॉस टाकला की तो जिथे टाकलाय तिथेच राहणार, त्यामुळे चांगला सर्व्हर आणखी चांगला होतो. सर्व्हिस मोडणं, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं (ब्रेक), अवघड, मग सेट ६-६ ला जातात, टायब्रेक होतात, आणि टायब्रेकमध्ये दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले की सेट गेला. बाहेर एखादा ब्रेक गेला तर पुढे भरून काढायला वाव असतो, इथे एक ढिला गेम आणि चाळीस मिनिटांची मेहनत पाण्यात.

दुसरं म्हणजे सबबच उरत नाही. ऊन नाही, पाऊस नाही, सावली नाही, दोघांना सगळं अगदी सारखं. चेंडू स्वच्छ येतो त्यामुळे जे लोक टप्पा पडल्या पडल्या मारतात, म्हणजे जोकोविचसारखे, त्यांना हे आवडतं. पण रुब्लेव्हसारखा माणूस ज्याला फक्त फोरहँड फोडायचाय त्यालाही हेच आवडतं! म्हणजे इनडोअर जोकोविचला सोपं जातं असं जे लोक म्हणतात ते अर्धंच खरं, त्याच्या समोरच्याचीही सगळ्यात धोकादायक बाजू इथेच वर येते.

आणि बर्सीचं हे कोर्ट कायमचं नव्हतं. एरवी त्याच हॉलमध्ये कॉन्सर्ट होतात, इतर खेळ होतात, टेनिसच्या आठवड्यापुरतं कोर्ट बसवायचे. तेव्हा एका इनडोअर स्पर्धेचा वेग दुसरीकडे तसाच मिळेल असं काही नाही.

कार्पेट कोर्ट पण असायचं ना इनडोअरला?

असायचं. २००९ पासून एटीपीच्या (पुरुषांच्या टेनिसची संघटना) मेन टूरवरून गेलं. फार फास्ट, चेंडू वर उठायचाच नाही. २०२३ मध्ये जे होतं ते हार्डकोर्ट.

जोकोविच पॅरिसला आला तेव्हा फॉर्म कसा होता?

फॉर्म जबरदस्त, पण मॅच प्रॅक्टिस कमी, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, फ्रेंच जिंकला, विम्बल्डनच्या फायनलला अल्काराझकडून हरला, मग सिनसिनाटीला त्याच अल्काराझला ५-७, ७-६, ७-६ असं हरवलं, ती मॅच पावणेचार तासांच्याही वर गेली होती, आणि सप्टेंबरमध्ये यूएस ओपन जिंकून २४ वं ग्रँड स्लॅम.

त्यानंतर मात्र तो जवळजवळ गायबच. सप्टेंबरमध्ये डेव्हिस कपची एक सिंगल्स मॅच खेळला तेवढीच. चीनमधल्या स्पर्धांना गेला नाही, बाकीचे सगळे तिकडे आठवड्यामागून आठवडे खेळत होते आणि हा घरी. सरळ पॅरिसला उतरला. एचेव्हेरीविरुद्ध ते जाणवलं नाही, पुढच्याच मॅचला जाणवलं.

ग्रीकस्पोरने एवढं कसं काय अडवलं? तो तर टॉप टेनमधला पण नाही

टॉप टेनमध्ये नसला तरी नेदरलँड्सचा हा गडी उंच आहे, सर्व्हिस मोठी आहे, आणि इनडोअरला अशा माणसाविरुद्ध रँकिंगला फारसा अर्थ राहत नाही. पहिला सेट त्याने ६-४ घेतला. जोकोविच त्या दिवशी बरा दिसत नव्हता, पोटाचा त्रास होता, हालचाल जड, दोन पॉइंटच्या मध्ये वाकून उभा राहायचा. दुसरा सेट टायब्रेकला गेला म्हणजे ग्रीकस्पोर विजयापासून एका टायब्रेकवर होता.

तो टायब्रेक जोकोविचने ७-२ असा घेतला. इथपर्यंत दीड-दोन तास अडखळत खेळणारा माणूस नेमका टायब्रेकला चुका बंद करतो, याला काय म्हणायचं? तिसरा ६-४. सुंदर मॅच अजिबात नव्हती, आणि हायलाइट्समध्ये बघितली तर कळणारही नाही काय चाललं होतं, कारण हायलाइट्समध्ये विनर्स दाखवतात आणि ही मॅच चेंडू परत टाकत राहण्यावर जिंकली गेली.

पोट खरंच बिघडलं होतं की नेहमीचं नाटक?

हा प्रश्न दर स्पर्धेला येतो आणि का येतो तेही समजतं. त्याचा इतिहास आहे, दोन सेट मागे पडला की बाथरूम ब्रेक, फिजिओ कोर्टवर, आणि मग येऊन समोरच्याला धुऊन काढतो, लोकांना शंका येणारच. पण पॅरिसमध्ये त्रास होता हे त्याने स्वतः सांगितलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खेळात दिसत होतं. एरवी ज्या रॅलीत तो दहा शॉट आनंदाने मारेल तिथे चौथ्या शॉटला ड्रॉपशॉट टाकून मोकळा होत होता. माणूस नाटक करताना आपलेच पॉइंट घालवत नाही. ज्यांना नाटकच म्हणायचंय ते म्हणणारच, असो.

रूनची मॅच म्हणजे बदला होता का?

बदला हा शब्द मीडियाला आवडतो, पण हिशोब नक्कीच होता. २०२२ ला याच कोर्टवर फायनलमध्ये १९ वर्षांच्या रूनने त्याला ३-६, ६-३, ७-५ हरवलं होतं. त्या मॅचचा शेवटचा गेम कोणी विसरणार नाही, रून मॅचसाठी सर्व्ह करतोय, जोकोविचला सहा ब्रेक पॉइंट मिळाले आणि सहाच्या सहा गेले. नंतर २०२३ च्या मे महिन्यात रोमलाही रूनच जिंकला. म्हणजे क्वार्टरफायनलला येताना शेवटच्या दोन्ही लढती डेन्मार्कच्या या पोराने घेतलेल्या.

२०२३ ला पहिला सेट जोकोविचचा ७-५, दुसरा टायब्रेकला रूनचा. इथे परत गेल्या वर्षीचीच रीळ लागणार असं वाटलं असणार सगळ्यांना. तिसऱ्यात मात्र जोकोविचने सर्व्हिसवर घट्ट पकड ठेवली आणि ६-४ मध्ये संपवलं. जवळपास तीन तास, आदल्याच दिवशी तीन सेट खेळून झाल्यावर.

रूनचा कोच तेव्हा बोरिस बेकर होता ना? तोच जो आधी जोकोविचचा होता?

हो, तोच. ऑक्टोबरमध्येच बेकरने रूनबरोबर काम सुरू केलं होतं. २०१४ ते २०१६ बेकर जोकोविचबरोबर होता, त्या काळात जोकोविचने सहा ग्रँड स्लॅम घेतली, म्हणजे त्याला आतून ओळखणारा माणूस समोरच्याच्या कॅम्पमध्ये. आणि जोकोविचचा तेव्हाचा कोच गोरान इव्हानिसेविच. यातली गंमत म्हणजे बेकरने ही स्पर्धा तीनदा जिंकलीये, १९८६ ची पहिलीवहिली स्पर्धा त्याचीच, आणि इव्हानिसेविचने १९९३ ला. दोन कोच, दोघेही पॅरिसचे जुने चॅम्पियन, दोघेही सर्व्हिसच्या जोरावर जिंकलेले, आणि त्यांचे चेले बेसलाइनवरून तीन तास ओढाताण करतायत.

सगळ्यात अवघड मॅच कुठली?

रुब्लेव्ह. यावर वाद नको.

रुब्लेव्हबद्दल एक समज होता की मोठ्या मॅचला हा मोडतो. तोपर्यंत त्याने स्लॅमची क्वार्टरफायनल कधीच ओलांडली नव्हती, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात आणि विम्बल्डनला जोकोविचनेच त्याला क्वार्टरला घरी पाठवलं होतं. पण २०२३ चा रुब्लेव्ह वेगळाही होता. मॉन्टे कार्लो जिंकला होता आणि ऑक्टोबरमध्येच शांघायची फायनल तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला हरला होता. हात तापलेला.

शनिवारी त्याने पहिल्या गेमपासून फोरहँड असा काही लावला की जोकोविच दोन्ही बाजूंना नुसता पळत होता. रुब्लेव्हचं गणित साधं असतं, जोरात मारा, परत आला तर आणखी जोरात मारा, आणि त्या दिवशी ते चालत होतं. पहिला सेट ७-५ त्याचा. जोकोविचने मॅचमध्ये पाठीसाठी उपचारही घेतले. मॅच संपल्यावर तो स्वतः म्हणाला की साप बेडकाला आवळतो तसं हा मला बराच वेळ आवळत होता. स्वतःला बेडूक म्हणवून घेणारा वर्ल्ड नंबर वन मी तरी दुसरा बघितला नाही!

दुसऱ्या सेटला परत तेच, ६-६. टायब्रेक ७-३ जोकोविचचा. तिसरा सेट बरोबरीनेच सरकत राहिला, आणि निकाल लागला तो अगदी शेवटी, ७-५. तिन्ही सेट मिळून गेम १९-१८. रुब्लेव्हने त्या दिवशी फारसं काही चुकीचं केलं नाही, ही मॅच तो हरला म्हणण्यापेक्षा शेवटपर्यंत ती त्याला कोणी जिंकू दिली नाही.

टायब्रेकला हा माणूस एवढा वेगळा का खेळतो?

पॅरिसमध्ये त्याने तीन टायब्रेक खेळले. दोन जिंकले, एक रूनला गेला. जिंकलेले दोन कुठले बघा: दोन्ही अशा वेळी जेव्हा पहिला सेट गेलेला होता आणि हा टायब्रेक गेला असता तर मॅचच संपली असती. हरलेला एक जेव्हा तो एक सेटने पुढे होता तेव्हाचा. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

तो करतो काय, तर काहीही खास करत नाही, हेच खास. बहुतेक प्लेअर टायब्रेकला काहीतरी जास्तीचं करायला जातात, लाइनवर मारायचं, मोठी सर्व्हिस टाकायची. जोकोविच उलट धोका कमी करतो, पहिली सर्व्हिस आत टाकतो, रिटर्न खोल आणि मधोमध, आणि मग समोरच्याला म्हणतो आता तू मार. सात पॉइंटचा खेळ आहे, समोरच्याने त्यात दोन चुका केल्या की झालं. त्याच वर्षीच्या फ्रेंच ओपनमध्ये त्याने खेळलेले सहाच्या सहा टायब्रेक जिंकले होते, म्हणजे समोरच्यांच्या डोक्यातही हे असतंच, ६-६ झालं की त्यांच्या खांद्यावर ते ओझं आधीच चढलेलं असतं.

पण ड्रॉ सोपा झाला असं लोक म्हणतात. अल्काराझ, मेदवेदेव्ह, सिनर कोणीच समोर आलं नाही

आलं नाही हे खरं. अल्काराझ दुसरा सीड होता, पहिल्याच मॅचला रोमान साफिउलिनकडून ६-३, ६-४ हरला. मेदवेदेव्हला दिमित्रोव्हने काढलं, त्या मॅचला प्रेक्षकांशी त्याचं जे काही झालं तो वेगळाच तमाशा. सिनरचं खाली सांगतो.

पण सोपा ड्रॉ म्हणजे काय? आदल्या वर्षी फायनलला त्याला हरवणारा रून क्वार्टरला, फॉर्मातला रुब्लेव्ह सेमीला. नावं मोठी नाहीत म्हणून मॅच सोप्या होत नाहीत. हां, सिनर त्याच अर्ध्यात होता आणि तो राहिला असता तर सेमीला जोकोविचसमोर कदाचित तोच आला असता, आणि दहा दिवसांनी तुरीनला, वर्षाअखेरच्या एटीपी फायनल्समध्ये, काय झालं ते बघता ती मॅच जोकोविच हरूही शकला असता. एवढं नशीब मान्य.

सिनरचं नेमकं काय झालं होतं?

रात्री २ वाजून ३७ मिनिटांनी त्याची मॅच संपली. रात्री म्हणजे पहाटेच म्हणा. मॅकेंझी मॅकडोनाल्डविरुद्ध तीन सेट. आणि पुढची मॅच त्याच दिवशी संध्याकाळी पाचला लावलेली. मॅच संपून स्ट्रेचिंग, मसाज, जेवण, हॉटेल, झोपायला उजाडणार. त्याने स्पर्धाच सोडली आणि अॅलेक्स डी मिनॉरला न खेळता पुढची फेरी मिळाली. बऱ्याच प्लेअर्सनी यावर आयोजकांना आणि एटीपीला झोडपलं आणि बरोबरच झोडपलं. छप्पर असलं की पावसाची भीती नाही, मग मॅचवर मॅच रचत जायची आणि शेवटच्या मॅचवाल्यांनी मध्यरात्री उतरायचं. २०२४ च्या सुरुवातीला नियम आला की रात्री ११ नंतर सहसा मॅच सुरू करायची नाही.

मग फायनल एवढी एकतर्फी कशी?

दिमित्रोव्हही दमलेला होता हे विसरू नका. त्याचा रस्ता काही कमी नव्हता: मेदवेदेव्हला ६-३, ६-७, ७-६, मग बुब्लिक, हुरकाच, आणि सेमीला सित्सिपासला ६-३, ६-७, ७-६. सीड नव्हता, पहिल्या राउंडपासून आला, म्हणजे जोकोविचपेक्षा एक मॅच जास्त. शिवाय दिमित्रोव्हचा एकहाती बॅकहँड, तो त्याचा स्लाइस फार देखणा आहे पण जोकोविचला देखणेपणाचं काही पडलेलं नसतं, तो त्याच बॅकहँडवर मारत राहतो. दोघांच्या लढतींचा हिशोब या फायनलनंतर १२-१ झाला, दिमित्रोव्हचा तो एकमेव विजय २०१३ चा, माद्रिदचा.

जोकोविच आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा खेळला. ६-४, ६-३. फायनल बघून ज्यांनी स्पर्धा बघितली असं म्हटलं त्यांना बाकी काही कळलंच नसणार.

दिमित्रोव्ह का रडला?

मास्टर्सची फायनल त्याला सहा वर्षांनी मिळाली होती, आधीची २०१७ ची सिनसिनाटी, ती जिंकला होता. त्याच वर्षाअखेरी लंडनला एटीपी फायनल्सही जिंकला आणि त्यानंतर एकही ट्रॉफी नाही. आता ३२ वर्षांचा, आयुष्यातला एक उत्तम आठवडा खेळून झाला आणि शेवटी समोर जोकोविच. खुर्चीत बसून टॉवेलमध्ये तोंड लपवून रडत होता, जोकोविच स्वतःचं सेलिब्रेशन बाजूला ठेवून त्याच्या बेंचवर जाऊन त्याच्याशी बोलत बसला. बरं, पुढे जानेवारीत ब्रिस्बेनला दिमित्रोव्ह जिंकला, आणि फायनलला हरवलं कोणाला तर रूनला.

पॅरिसला त्याच्या किती ट्रॉफ्या?

सात. २००९, २०१३, २०१४, २०१५, २०१९, २०२१ आणि २०२३. शिवाय २०१८ ला खाचानोवकडून आणि २०२२ ला रूनकडून फायनल हरला. त्याच्यानंतर आहेत बेकर आणि साफिन, तीन-तीन. फेडरर एकदाच, २०११. नदाल कधीच नाही, पॅरिसमध्येच रोलँ गॅरोसला १४ ट्रॉफ्या घेणारा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला एकदाही जिंकला नाही. ट्रॉफी पण विचित्र आहे, फांद्यांच्या झाडासारखी, हातात धरली की माणूस झाड घेऊन चाललाय असं वाटतं.

४० वं मास्टर्स म्हणतात ते हेच का?

हेच. चाळीसपर्यंत पोचलेला पहिला प्लेअर. नदालची ३६, फेडररची २८. एकूण टूरवरची ही ९७ वी ट्रॉफी, आणि या स्पर्धेचा वयाने सगळ्यात मोठा विजेताही तोच. विम्बल्डनच्या फायनलनंतर सलग १८ वा विजय पण.

डबल्सला भारताचं कोणी होतं का?

होतं की! रोहन बोपण्णा. ४३ व्या वर्षी मॅथ्यू एबडेनबरोबर फायनलला गेला. सान्तियागो गोन्झालेझ आणि एदुआर रॉजर-व्हासलँ या जोडीने त्यांना हरवलं, तेही सुपर टायब्रेकला (तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक), म्हणजे दोन्ही जोड्यांचा एकेक सेट. बोपण्णाने हीच स्पर्धा २०११ ला ऐसाम कुरेशीबरोबर आणि २०१२ ला महेश भूपतीबरोबर जिंकली होती. पॅरिसनंतर तीन महिन्यांच्या आत ऑस्ट्रेलियन ओपन आणि डबल्सचा वर्ल्ड नंबर वन. जोकोविचच्या ३६ चं कौतुक करताना हे ४३ पण लक्षात असू द्या.

यानंतर तो तुरीनला गेला तेव्हा दमलेला होता का?

पहिल्या मॅचला दिसलाच. रूनविरुद्ध ७-६, ६-७, ६-३, म्हणजे पॅरिसचाच पुढचा अंक. त्या विजयाने वर्षाअखेरचा नंबर वन आठव्यांदा नक्की झाला. तिथे आधी गटातल्या सगळ्यांशी खेळायचं असतं, एक हरलात तरी बाहेर नाही. मग सिनरने त्याला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला हरवलं, सलग १९ विजयांची मालिका तिथे तुटली. मग सित्सिपासच्या जागी आलेल्या हुरकाचला हरवलं पण मध्ये एक सेट गेला, आणि त्यामुळे सेमीफायनलला जायचं की नाही हे त्याच्या हातात राहिलंच नाही. सिनरने रूनला हरवलं तरच जोकोविच आत. सिनर तर आधीच क्वालिफाय झालेला, हरला असता तरी चाललं असतं, पण इमानदारीत खेळला, तीन सेटमध्ये जिंकला आणि जोकोविचला आत आणलं. मग जोकोविचने सेमीला अल्काराझ ६-३, ६-२ आणि फायनलला त्याच सिनरला ६-३, ६-३. सातवी एटीपी फायनल्स, फेडररपेक्षा एक जास्त, आणि त्या सोमवारी नंबर वनचा ४०० वा आठवडा सुरू झाला.

सिनरने त्याचं उट्टं आठवडाभरातच काढलं, मालागाला डेव्हिस कपमध्ये तीन मॅच पॉइंट वाचवून.

याहून अवघड रस्त्याने कोणी इनडोअर मास्टर्स जिंकलंय का?

नावं बघायची असतील तर दाविद नालबांदियान, २००७. टॉप २० च्या बाहेर असताना माद्रिदला, तेव्हा ती स्पर्धा इनडोअर होती, क्वार्टरला नदाल, सेमीला जोकोविच, फायनलला फेडरर, तिघांना एकाच आठवड्यात. आणि दोनच आठवड्यांनी पॅरिसला परत फेडरर आणि परत नदाल, नदालला तर फायनलला ६-४, ६-०. याच्याशी तुलना होऊच शकत नाही.

पण नालबांदियान तेव्हा आयुष्यातलं सर्वोत्तम टेनिस खेळत होता. २०२३ चा जोकोविच त्या आठवड्यात स्वतःच्या ७० टक्क्यांवर होता. दोन वेगळ्या प्रकारचे अवघड रस्ते आहेत, मला दुसरा जास्त इंटरेस्टिंग वाटतो कारण उत्तम खेळून जिंकणं समजतं, असं जिंकणं समजायला मॅच बसून बघावी लागते.

आता ही स्पर्धा बर्सीला होत नाही का?

नाही. २०२४ शेवटचं वर्ष, झ्वेरेव्ह जिंकला, जोकोविच खेळलाच नाही. २०२५ पासून पॅरिसजवळच्या नान्तेरच्या ला देफाँस अरेनात गेली, तिथली पहिली सिनरने घेतली. म्हणजे बर्सीत सात ट्रॉफ्यांचा त्याचा रेकॉर्ड आता कोणी मोडूच शकत नाही.

एकच मॅच बघायला वेळ आहे, कुठली बघू?

रुब्लेव्हची सेमीफायनल, पूर्ण, हायलाइट्स नको. फारच घाई असेल तर दुसऱ्या सेटच्या ५-५ पासून लावा आणि जोकोविचच्या शॉट्सपेक्षा त्याच्या रिटर्नचा टप्पा कुठे पडतो तेवढं बघत बसा. ते झालं की ग्रीकस्पोरविरुद्धचा टायब्रेक, दहा मिनिटांचं काम आहे.